पेढा, कणसं आणि हॅलोविन



ऑक्टोबर संपत आला, की पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये कोरलेले भोपळे, कवट्या आणि काळे झगे दिसू लागतात. मग कुणीतरी विचारतं, “हा ख्रिश्चनांचा सण का हो?” शेजारच्या ख्रिस्ती माणसाला विचारावं, तर त्याच्या कपाळावर बहुधा आठ्या पडतात. त्या आठ्यांमागे फार जुना वाद आहे.

३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा. त्या दिवशी कॅथलिक मंडळी कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. मला आमची शब-ए-बरात आठवते, तुम्हाला सर्वपित्री अमावास्या आठवली असेल. आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर याच सुमारास एक जुना सण असे. मृतांची वाट त्या रात्री मोकळी होते, अशी तिथली समजूत. भुतं आली ती तिकडून.

अशा सणांचं करायचं काय? पोप पहिले ग्रेगरी यांनी इ.स. ६०१ मध्ये इंग्लंडातल्या धर्मप्रचारकांसाठी कळवलं, की देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा. लोकांच्या मेजवान्याही राहू द्या, पण देवाच्या नावानं. व्यवहारी माणूस! उलट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटनांनी १६५९ ते १६८१ या काळात खुद्द नाताळ पाळणाऱ्यालाच पाच शिलिंग दंड ठेवला होता. ख्रिस्ताच्या नावाचा सणही त्यांना परका वाटला.

आपल्याकडेही हे दोन्ही झालं. गोव्यात इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानानं अंगणातली तुळससुद्धा उपटायला लावली. पण त्याच गोव्यात राय गावच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला भाताची नवी कणसं आशीर्वादासाठी येतात. मुंबई परिसरातले ईस्ट इंडियन ऑक्टोबरात ‘आगेरा’ करतात, तोही नव्या भाताचाच सण. तुळस गेली, नवान्न राहिलं.

रोजच्या जगण्यात मात्र प्रश्न भोपळ्याचा नसतो, प्रसादाचा असतो. बायबलमध्ये संत पॉलचं करिंथकरांना पहिलं पत्र आहे, इ.स. ५५ च्या आसपासचं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का, असा तिथला पेच. पॉलचं म्हणणं थोडक्यात असं: मूर्तीत काही नाही, तेव्हा अन्न हे अन्नच. पण आपल्या खाण्यानं एखाद्या कच्च्या मनाच्या भावाची श्रद्धा डळमळणार असेल, तर खाऊ नये. पुढे मूर्तिपूजेपासून दूर राहा, असंही तो बजावतो. म्हणून एक ख्रिस्ती माणूस गणपतीचा पेढा खातो, तर दुसरा नम्रपणे नको म्हणतो, आणि दोघांनाही त्याच पत्राचा आधार सापडतो.

मला हे परकं वाटत नाही. आमच्या मराठवाड्यात मोहरमला सवाऱ्या बसतात, हिंदू घरांतून नवस येतात. आमच्यातलेच काही म्हणतात, हा इस्लाम नव्हे. त्यांचं शास्त्र बरोबर असेलही; पण सवारीपुढे नाचणाऱ्या म्हाताऱ्याला पाखंडी ठरवणं मला जमत नाही. आणि त्याच न्यायानं, शाळेतल्या पाटीपूजनाला बाजूला शांत उभ्या राहणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाला ‘आपल्यातला नाही’ म्हणणंही मला पटत नाही. त्यानं कुणाची पाटी फेकलेली नसते. हात न जोडण्याची मुभा गेली, तर जोडलेल्या हातांना तरी काय अर्थ राहतो?

आमच्या लातूरच्या गल्ल्यांतून लक्ष्मीपूजनाच्या आधीच फराळाचा डबा वेगळा भरून ख्रिस्ती शेजारणीकडे पाठवणाऱ्या माउल्या आहेत. म्हणजे तिला विचारावं लागू नये. पॉलचं पत्र त्यांनी वाचलेलं नाही. नाताळात तोच डबा करंज्या घेऊन परत येतो.