वर्गातील ध्वनिवर्धक आणि त्याचा स्टँड
(शिक्षक-मेळाव्यासाठीचे भाषण)



आळंदीच्या मुलांवर श्रवणाचा संस्कार घरापासूनच होत असतो. जोग महाराजांनी १९१७ साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, त्याच्या कितीतरी आधीपासून कीर्तनकार उभा आणि श्रोते बसलेले, हीच येथील रीत आहे. तीत आदर आहे, तसेच शास्त्रही आहे. उभ्या माणसाचा आवाज पुढच्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये पुण्यासह पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकावा व चर्चा करावी, असा प्रयोग झाला. समूहाने ऐकावयाचे तर प्रत्येकाला ऐकू आले पाहिजे, ही त्याची पहिली अट होय.

वर्गात मात्र स्पीकर पुष्कळदा जमिनीवर नाही तर लोखंडी कपाटावर ठेवला जातो. जमिनीवर तो घुमतो आणि व्यंजने स्पष्ट करणारे उंच पट्टीचे ध्वनी पुढच्या मुलांच्या अंगावरच अडतात. कपाटाचा पत्रा थरथरतो. मागे बसलेल्या मुलाला ‘ताट’ की ‘थाट’ हे कळत नाही. त्याचे श्रुतलेखन चुकते आणि त्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो. हा अन्याय थोड्या सुतारकामाने टळण्यासारखा आहे.

स्टँड सुमारे ४२ इंच उंच असावा, म्हणजे खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यांवरून आवाज जाईल. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा ६ इंच चौरस पोकळ खांब, त्याखाली १८ इंच चौरस तळफळी आणि वर स्पीकरच्या मापाची फळी, एवढेच त्याचे अंग. प्रत्येक कोन गुण्याने तपासावा. सांधे फेविकॉल व स्क्रू लावून पक्के करावेत. मग जाड पिशवीत कोरडी वाळू भरून ती खांबाच्या खालच्या तिसऱ्या भागात बसवावी. सात-आठ किलो वाळू सहज मावते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की वजनाने स्वर खाली उतरतो, हे येथील मुलांनी पाहिलेले असते. जड वस्तू सहज थरथरत नाही, हा नियम त्यांना तेथूनच समजावून द्यावा. वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपही शोषून घेतात. शिवाय तळ जड झाल्याने स्टँड मुलांच्या अंगावर पडण्याचे भय कमी होते. तरीही स्पीकर वरच्या फळीला पट्ट्याने बांधावा आणि वायर भिंतीच्या कडेने न्यावी.

आता व्हिनियरचा विचार करू. व्हिनियर म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा सागवानी पापुद्रा. फळ्या जोडण्यापूर्वीच तो चिकटवावा. फळीवर फेविकॉलचा पातळ, सारखा थर द्यावा, पापुद्रा ठेवून मधून कडेकडे ठोकळ्याने घासत न्यावा, आणि वर कागद व सपाट फळी ठेवून रात्रभर वजन द्यावे. दुसऱ्या दिवशी बोटाने टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तेथे हवा राहिली असे समजावे. तेथे रेषांच्या दिशेने चीर देऊन गोंद आत सारावा आणि पुन्हा दाबावे. पॉलिशकागद रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरवल्यास पडलेले ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात.

तळफळी व वरची फळी यांच्या खालच्या बाजूंनाही पापुद्रा लावावाच. तो हलक्या लाकडाचा चालेल. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते. एकाच बाजूला पापुद्रा असला तर दोन्ही बाजूंचा ताण विषम होऊन फळी वाकते आणि स्टँड डुगडुगू लागतो. जी बाजू कोणी पाहणार नाही तीही नीट करावी लागते, हा धडा मुलांच्या हाती असा आपोआप येतो.

१९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तव्यवसायाद्वारे शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत गावच्या सुताराला शाळेत बोलवावे. करवत त्याच्या हाती राहावी; मापे घेणे, घासणे व टिचकीची परीक्षा मुलांनी करावी.

काम पुरे झाल्यावर ध्वनिमुद्रित उताऱ्याचे श्रुतलेखन दोनदा घ्यावे; एकदा स्पीकर जमिनीवर ठेवून, एकदा स्टँडवर. उतारे वेगळे, पण सारख्याच कठिणाईचे असावेत. शेवटच्या रांगेतील वह्या शेजारी शेजारी ठेवून तपासाव्यात. स्टँड कसा उतरला, याचा निर्णय त्या वह्यांनी द्यावा.