ही कामे मुलींची, ती कामे मुलांची
(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा शहरातील शाळांचा प्रश्न. आपल्या खेड्यातील शाळेशी त्याचा संबंध काय? म्हणूनच मी प्रथम जे उदाहरण सांगणार आहे ते मुद्दाम एका ग्रामीण शाळेचेच निवडले आहे. मात्र ती शाळा फार दूरची, कॅनडा देशातील आहे.

त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील सेंट्रल किंग्ज रूरल हायस्कूलमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये नववीत नव्याने दाखल झालेला एक मुलगा गुलाबी सदरा घालून आला. गुलाबी रंग मुलींचा, असा तिकडे रूढ समज. काही दांडगट मुलांनी त्याच्या पुरुषपणाबद्दल नाही नाही ते बोलून त्याला मारण्याची धमकी दिली. ही गोष्ट बारावीतील डेव्हिड शेफर्ड व ट्रॅव्हिस प्राइस या दोघा विद्यार्थ्यांच्या कानी गेली. त्यांनी एका स्वस्त दुकानातून पन्नास गुलाबी सदरे विकत आणले, रातोरात सोबत्यांना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी ते सदरे शाळेत वाटले. निरोप मिळालेले कित्येक जण तर घरूनच गुलाबी कपडे घालून आले होते. शेकडो मुलामुलींच्या अंगावर एकच रंग! आता कोणी कोणाला हसावे?

त्या दोघांनी दांडगटांना मारले नाही, की त्या मुलाची कीव केली नाही. ज्या खुणेवरून त्याला एकटे पाडले गेले, ती खूणच त्यांनी सर्वांची करून टाकली. पुढे कॅनडात या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी एक दिवस पाळला जाऊ लागला. तो आपणही पाळावा असे मी सुचवीत नाही. दिन साजरे करण्याची हौस आपल्याकडे आधीच दांडगी आहे, आणि अहवालाला छायाचित्र जोडले की काम संपते. शिवाय गुलाबी रंगाचा आपल्याकडे तेवढा बाऊ नाही. लग्नात गुलाबी फेटा बांधून मिशीला पीळ देणारा गडी कोणाला बायकी वाटतो? तिकडे रंगाला जे चिकटवले गेले, ते आपण कामांना चिकटवले आहे.

आपल्या शाळांतून सकाळी काय दृष्टीस पडते? व्हरांडा झाडणे, रांगोळी काढणे, पाहुण्यांना ओवाळणे ही कामे मुलींकडे. घंटा देणे, बाके हलविणे, गावातून सामान आणणे ही मुलांकडे. (आम्ही अधिकारी मंडळी भेटीस येतो तेव्हा आरतीचे तबक घेऊन मुलीच का उभ्या असतात, हा प्रश्न मी अद्याप कोणत्याही शाळेच्या तपासणी अहवालात वाचलेला नाही!) जी मुलगी पहाटे विहिरीवरून दोन हंडे पाणी वाहून आणते, तिला शाळेत सांगितले जाते, "बाक जड आहे, मुलांना उचलू दे." भूगोल-गणिताचे पाठ मुले विसरतात, पण हा न नेमलेला पाठ मात्र ती जन्मभर विसरत नाहीत.

अशा वेळी एखादी मुलगी विचारते, "गुरुजी, रोज आम्हीच का झाडायचे?" किंवा एखादा मुलगा हळूच रांगोळीशी जाऊन बसतो आणि बाकीचे त्याला "बायक्या" म्हणतात. आमच्या खेड्यातील मुलांचे उभे राहणे ते हेच. त्याला फलक नसतो, घोषणा नसते. एक प्रश्न असतो आणि तो बहुधा एकदाच विचारला जातो. "मोठी शहाणी आलीस!" एवढे उत्तर मिळाले की पुन्हा ती मुलगी तोंड उघडत नाही. रडणाऱ्या मुलाला "बांगड्या भर" म्हणणे तर आपल्या इतके जिभेवर बसले आहे की, ज्यांच्या हातांत बांगड्या आहेत अशा भगिनींच्या तोंडूनही ते निघते. समोर बसलेल्या मुलींनी त्यातून स्वतःबद्दल काय समजून घ्यावे?

यावर पालकांची तक्रार येईल हे खरे. "मुलाच्या हातात केरसुणी देता?" असे विचारणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये. हजेरीपटाच्या क्रमाने कामे लावली म्हणजे कोणाच्या मुलाला मुद्दाम निवडले असे होत नाही, आणि क्रमाने आलेल्या कामाला लोक सहसा अडत नाहीत. तरीही कोणी अडून बसलाच, तर साने गुरुजींची आठवण द्यावी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत. त्यांना कोणी कमी पुरुष म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पाठ्यपुस्तकही आता आपल्या बाजूस आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री व पुरुष दोघेही बसून पालेभाजी निवडीत आहेत असे चित्र घातले. असे चित्र आले की वर्गात हशा पिकतो आणि घाईने पान उलटले जाते. तसे करू नये. हसू का आले ते विचारावे आणि मग मुलांनाच शोध घेऊ द्यावा. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुषच असतो. मुंबईत खोली करून राहणारा चुलता स्वतः भात शिजवतो. आणि शेतात निंदणीपासून मळणीपर्यंत आई राबते. हे सारे मुलांनी पाहिलेले असते, फक्त ते कोणी विचारलेले नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या मुलाने वा मुलीने असा प्रश्न विचारला असेल, त्याचे नाव परिपाठाच्या वेळी सर्वांपुढे घेऊ नये. कौतुकानेही मूल एकटे पडते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याच कामाला आणखी चौघांना जोडून द्यावे, आणि बाके उचलावयाची असतील तेव्हा दोन्ही टोकांना मुलगा-मुलगी न पाहता उंचीने जुळणारी जोडी लावावी.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मागील आठवड्यात कोणते काम कोणी केले, एवढे एका कागदावर लिहून आणावे. केवळ संख्या नको, नावे लिहावीत. ते कागद आपण एकमेकांचे बदलून वाचू.