तेहतीस वर्षं उशिरा आलेलं पदक

मी वरवंडहून बोलतोय. आमच्या गावच्या तलावाचं नावच व्हिक्टोरिया तलाव. त्यामुळे राणीच्या काळातल्या गोष्टींकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. आज तिच्या एका पदकाबद्दल बोलू.

आमच्याकडून चौफुला, न्हावरा करत गेलं की शिरूर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तिथूनच कॅप्टन स्टाँटनची पलटण पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. ही लढाई तुम्हाला माहीत आहेच. पण त्या शिपायांना पदक कधी मिळालं, सांगा बरं? १८५१ साली! तब्बल तेहतीस वर्षांनी.

'आर्मी ऑफ इंडिया मेडल' म्हणतात त्याला. चांदीचं, फिक्या निळ्या फितीचं. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. वर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. कोरेगावच्या पट्टीवर इंग्रजीत 'कोरीगॉम', खडकीच्या पट्टीवर 'किर्की'. आपली गावं साहेबाच्या तोंडात अशी झाली!

आता गंमत बघा. नावात आर्मी असलं तरी हे पदक खलाशांनाही होतं. १८२४ ते २६ च्या ब्रह्मदेशाच्या युद्धात जे आरमारी लोक होते, त्यांच्यासाठी 'आवा' ही पट्टी. त्या युद्धात 'लार्न' जहाजाचा कप्तान होता फ्रेडरिक मॅरिएट. १८०६ साली चौदाव्या वर्षी आरमारात शिरलेला पोरगा. रंगूनच्या मोहिमेत 'डायना' नावाची वाफेवरची छोटी बोट वापरली गेली, ती यानेच आग्रह धरला म्हणून. वाफेचं जहाज लढाईत, हे तेव्हा नवलच होतं. मोहिमेत तापानं, हगवणीनं माणसं पटापट गेली. मॅरिएट वाचला, १८३० साली नोकरी सोडली, समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहून नाव कमावलं आणि १८४८ साली वारला.

तीन वर्षं कमी पडली. कारण नियम असा होता, की १८५१ साली जो हयात आहे त्यालाच पदक. स्टाँटन तर १८२५ सालीच गेलेला. म्हणजे कोरेगावचा सेनापती आणि 'लार्न'चा कप्तान, दोघांनाही हे पदक नाही.

हे झाले साहेब लोक, त्यांची चरित्रं तरी आहेत. पण विशीतला शिपाई धरा. १८५१ साली तो पन्नाशी ओलांडलेला, पलटण कधीच सुटलेली, कुठल्या तरी खेड्यात शेती करतोय. लंडनला पदक ठरलंय ही खबर त्याच्यापर्यंत पोहोचवणार कोण? मला तर हा नियम सरळ कंजूषपणाचा वाटतो. जे कोरेगावात त्याच दिवशी पडले, त्यांच्या घरी काहीच नाही. त्यांची नावं आहेत ती जयस्तंभावर.

या पदकाच्या कडेवर, रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, मिळवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. कधी संग्रहालयात दिसलं तर राणीचा चेहरा नंतर बघा, आधी कड वाचा.