बरणीतील चूक

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लईस, पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तेथील एखाद्या गृहिणीची कैरीची बंद बरणी उकळत्या पाण्याने टिकली, की सुरमईही तशीच टिकेल, असे तिला वाटावे, हे स्वाभाविक. चूक होते ती येथेच. कैरीस तिचा आंबटपणा राखतो. मासळीतील विषारी जंतूंची बीजे उकळत्या पाण्यास दाद देत नाहीत, त्यांस दाबाखालची १२१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. फ्रान्सच्या आपेरने १८१० साली ही विद्या प्रसिद्ध केली. कारण पुढे पाश्चरने उलगडले. विष वासास कळेलच असे नाही. म्हणून संशयाची बरणी, कितीही हळहळ वाटली तरी, न चाखता टाकावी. चूक न झाकता कबूल करावी व पुन्हा आरंभ करावा, हा ख्रिस्ती पश्चात्तापाचा धडा चुलीपाशीही खरा ठरतो.