आपलं नाव यादीत आहे का?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा संपादित भाग)



जेवणाचा वास यायला लागलाय, त्यामुळे थोडक्यात बोलतो. सेक्रेटरी असताना मी वर्षानुवर्षं तुमच्याकडे मेंटेनन्सची थकबाकी मागितली. आज एका वेगळ्या थकबाकीची आठवण करून देणार आहे.

२०१६चा पावसाळा जुन्या सभासदांना आठवत असेल. गेटसमोरचं ड्रेनेजचं चेंबर सारखं तुंबायचं. मुलं विटांवरून उड्या मारत स्कूलबसपर्यंत जायची. मी लेटरहेडवर अर्ज लिहिला, सही-शिक्का मारला आणि आम्ही तिघं एका स्थानिक पुढाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. चहा आला. अर्ज वाचून झाल्यावर त्यांच्या कार्यकर्त्यानं मतदारयादी काढली. आपल्या ७२ फ्लॅटमधली नावं भरली फक्त ३८! मग त्यानं अर्जाखालची सही पाहिली आणि सहज विचारलं, "काका, यात तुमचं नाव कुठंय?"

माझं नाव सातारा जिल्ह्यात, गावी होतं. ते तिथून काढलं तर गावाशी नातं तुटेल, असं वाटायचं. म्हणजे वर्षातले आठ दिवस जिथलं पाणी प्यायचो तिथे मत, आणि बाकी वर्षभर जिथे राहायचो, मिळकतकर भरायचो, तिथे मी यादीतच नाही. नागरिकाचं काम मतं मोजून व्हावं, हे मला मुळीच मान्य नाही. एकट्या माणसाचा अर्ज असला तरी चेंबर साफ व्हायलाच हवं. पण त्या दिवशी राग आला तो त्या पोराचा नाही, माझा मला आला.

पुढे आपण घरोघरी फॉर्म वाटले. लगेच लाइन बदलली असं नाही, त्यात आणखी दोन पावसाळे गेले. पण २०१७च्या महापालिका निवडणुकीत उमेदवार पहिल्यांदाच आपल्या पार्किंगमध्ये येऊन बसले आणि भाषणाआधी त्यांना ड्रेनेजचं उत्तर द्यावं लागलं.

लोकसभेला आपण हौसेनं रांग लावतो. पण नळाचं पाणी, घंटागाडी, रस्त्यावरचे दिवे, बाग, दवाखाना, जन्माचा दाखला आणि शेवटी स्मशानभूमीसुद्धा बघते महापालिकाच. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासक कारभार पाहत होते. अधिकारी काम करत नव्हते असं मी म्हणणार नाही. पण ज्याला पुन्हा आपल्या दारात मत मागायला यायचंय, असा माणूसच तिथे नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पुढच्या निवडणुकीत आपण यादीत असू का?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महापालिकेची वेगळी मतदारयादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार विभागतात आणि त्यासाठी राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवून देतो. त्या तारखेला नाव नसेल, तर मतदानाच्या दिवशी कार्ड दाखवून उपयोग होत नाही. खिशात कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका.

नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात. १७ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना आगाऊ अर्ज करता येतो. आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. गावचं नाव सोडावंच लागेल. गाव सुटत नाही, अनुभवानं सांगतो.

आपल्या भाडेकरू मंडळींना मुद्दाम सांगतो. सोसायटीच्या सभेत तुम्हाला मत नाही, तिथे सभासदत्व लागतं. पण महापालिकेला तुम्ही मालक आहात की भाडेकरू, हा प्रश्नच नाही. तुम्ही इथे राहता, एवढं पुरतं. नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

सहकारात वन बीएचके असो की थ्री बीएचके, सभासदाला मत एकच. पंचवीस वर्षं आपण ही सोसायटी त्याच तत्त्वावर चालवली. तेच गेटबाहेर न्यायचंय. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात यादी घेऊन बसणार आहे. खाली येऊन आपलं नाव शोधा. नसलं, तर फॉर्म तिथेच भरू. चहा माझ्याकडून.