लहान कारखानदार आणि दूरचे गिऱ्हाईक

(निगडी येथे लघुउद्योजक, शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निगडीहून आकुर्डी, भोसरी, तळवडे किंवा चिखली यांपैकी कोणत्याही दिशेने निघाले, तरी रस्त्याच्या दुतर्फा लहान कारखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. कोठे लेथकाम, कोठे पत्रेकाम, कोठे पावडर कोटिंग, कोठे जिग आणि फिक्श्चर. बहुतेक पाट्यांवर मालकाचे किंवा कुलदैवताचे नाव ठळक असते. आत कोणते काम होते, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. यात मालकांना दोष देण्याचे कारण नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे मोटारी व स्कूटर बनविणारे मोठे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. आपले लहान कारखाने वाढले ते प्रामुख्याने या मोठ्यांचे सुटे भाग करून देण्यासाठी. त्यांचे गिऱ्हाईक एक, फार तर दोन. आणि ते त्यांना नावानिशी ओळखत होते. पाटी वाचून येणाऱ्या माणसाची वाट पाहण्याची त्यांना गरजच नव्हती.

परंतु असा कारखाना म्हणजे एकखांबी तंबू होय. २००७ साली बजाज ऑटोने आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबविली, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे ठिकाण बदलले म्हणजे काय होते, याचा विचार या परिसराला करावा लागला. मोठा कारखाना आपले उत्पादन दुसरीकडे नेऊ शकतो. चार यंत्रे, सात कामगार आणि बँकेचे कर्ज असलेल्या माणसाला तसे सहज हलता येत नाही. त्याच्या लेथला पूर्वीचे काम नसेल, तर नवे काम पाहिजे. आणि ते नाशिकच्या, कोल्हापूरच्या किंवा कोइमतूरच्या गिऱ्हाइकाकडून यायचे असेल, तर त्या गिऱ्हाइकाला निगडीत हा माणूस आहे हे कळले पाहिजे. आजचा विषय एवढ्यासाठीच निवडला आहे. संकेतस्थळ ही हौसेची वस्तू आहे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. माझ्या मते तो तंबूचा दुसरा खांब आहे.

आता दूरचे गिऱ्हाईक शोध कसा घेते, ते पाहू. ते आपले नाव टंकित करीत नाही. नाव त्याला ठाऊकच नसते. ते कामाचे नाव टंकित करते आणि पुढे गावाचे नाव जोडते. शोधयंत्र संकेतस्थळांवरील शब्द वाचून जुळणारी पाने समोर ठेवते. आता आपल्याकडील संकेतस्थळे उघडून पाहा. ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’, ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा नफा’ अशी वाक्ये पहिल्या पानावर असतात, आणि ती हजारो पानांवर सारखीच असतात. लेथवर किती व्यासाचा आणि किती लांबीचा नग बसतो, पोलादाचा किती जाडीचा पत्रा कापता येतो, अचूकता किती मायक्रॉनपर्यंत राखता येते, तपासणीची कोणती साधने आहेत, नमुना किती दिवसांत मिळेल, महिन्याला किती नग होतील, हे मात्र कोठेच नसते. खरेदी अधिकाऱ्याला नेमके एवढेच हवे असते. मालकाला हे सर्व तोंडपाठ असते; पण ‘यात काय लिहायचे?’ म्हणून ते लिहिले जात नाही.

घरगुती कामे करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. नळकाम, सुतारकाम, गाद्या-सोफ्यांची दुरुस्ती, वायरिंग यांचे गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या आतले असते. येथे ठिकाणाच्या नावांना महत्त्व येते, आणि निगडीत ती नावे मोठी मजेची आहेत. कागदोपत्री ‘पेठ क्रमांक २७’, तर बोलताना ‘सेक्टर सत्तावीस’. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले आणि २०२१ मध्ये विसर्जित झाले. तरी लोकांच्या तोंडी वस्तीचे नाव ‘प्राधिकरण’ हेच आहे आणि बहुधा राहील. भक्ती-शक्ती चौक, यमुनानगर, ट्रान्सपोर्टनगर ही खूण सांगण्याची नावे. गिऱ्हाईक ज्या नावाने हाक मारते, ते नाव पत्त्यात असले पाहिजे. सरकारी नाव असेल तर त्याच्या शेजारी असावे. हीच गोष्ट लिपीची. दुकानाची पाटी मराठीत असण्याबाबत राज्याने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून लहान आस्थापनांनाही नियम लागू केला. रस्त्यावरची पाटी देवनागरीत झाली. तीच माहिती इंटरनेटवर मात्र बहुधा केवळ इंग्रजीतच राहिली. आज भ्रमणध्वनीला मराठीत बोलून प्रश्न विचारणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. कामाचे वर्णन दोन्ही भाषांत असावे, एवढेच सांगणे आहे.

नकाशावरील नोंद विनामूल्य असते, पण ती ताजी ठेवावी लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील अनधिकृत बांधकामे हटविली. तेथील अनेक लहान व्यवसाय अन्यत्र गेले. अशा वेळी यंत्रे हलविण्याच्या धांदलीत नकाशावरील खूण हलविण्याचे कोणाला सुचणार? परंतु ती जुन्या जागी राहिली, तर माल घेण्यास आलेला टेम्पो मोकळ्या मैदानापाशी उभा राहतो. जागा बदलली की वीजजोडणीच्या अर्जाबरोबरच हेही काम करावे.

दुसरा धडा २०२४ चा आहे. व्यवसायाच्या नोंदीबरोबर गूगल एक छोटे संकेतस्थळ फुकट बनवून देत असे. देशोदेशीच्या छोट्या दुकानदारांनी त्याचा लाभ घेतला. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. पत्त्याच्या पाट्यांवर आणि भेटपत्रांवर छापलेली नावे निकामी झाली. फुकटची सोय वापरू नये, असे मी म्हणत नाही. पण ती दुसऱ्याच्या ओटीवर मांडलेले दुकान आहे, हे लक्षात ठेवावे. स्वतःच्या नावाची नोंदणी दर वर्षी थोडा खर्च करून करता येते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ अशी देवनागरी नावेही मिळतात. येथे एक प्रश्न अवश्य विचारावा: हे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? संकेतस्थळ बनविणारा मुलगा पुष्कळदा ते स्वतःच्या नावावर नोंदतो, त्यात कपट असतेच असे नाही. पण तो नोकरीनिमित्त बंगळूरला गेला की नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि संकेतस्थळ बंद पडते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी घर बांधत नाही. नोंदणी, परवलीचा शब्द आणि त्यास जोडलेला दूरध्वनी क्रमांक हे तिन्ही मालकाचे असावेत.

आणखी एका वर्गापासून सावध राहावे. ‘गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देतो, हमी आहे’ असे दूरध्वनी आपल्यापैकी बहुतेकांना आले असतील. गूगलने स्वतःच जाहीर केले आहे की, जवळपासच्या व्यवसायांचा क्रम मुख्यतः शोधाशी असलेला मेळ, अंतर आणि ख्याती यांवर ठरतो, आणि पैसे देऊन तो वर नेता येत नाही. जाहिरातीची जागा निराळी. ती विकत मिळते आणि जाहिरात म्हणूनच दिसते. ख्यातीसाठी खोटे अभिप्राय विकत घेण्याचा उद्योगही चालतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, ते याच कारणाने. काम झाल्यावर खऱ्या गिऱ्हाइकाला ‘दोन ओळी लिहा’ अशी विनंती करण्यात कमीपणा नाही. तक्रार लिहिली गेली तर तिला शांतपणे उत्तर द्यावे. वाचणारा तक्रारीपेक्षा उत्तर अधिक बारकाईने वाचतो. छायाचित्रे घालताना मात्र एक पथ्य पाळावे: मोठ्या कारखान्याचे ड्रॉइंग किंवा अद्याप बाजारात न आलेला भाग त्यांच्या लेखी परवानगीवाचून दाखवू नये. नवे गिऱ्हाईक मिळविताना जुने गमावण्याचा तो सोपा मार्ग आहे.

पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासाठी थोडेसे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्या नावाने पैसे घेणारी नक्कल संकेतस्थळे आहेत, म्हणून खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता पंचायतीच्या फलकावर लिहावा. ही नोंदणी झाली की २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेत लघुउद्योजकास दिल्या जाणाऱ्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. चाकणच्या आसपासच्या गावांतील वेल्डरला हे कोणी सांगितले आहे काय?

एवढे सारे करून जो दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावर दिला, तो उचलला जात नाही, असा अनुभव वारंवार येतो. यंत्राच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही, हे खरे आहे. तेव्हा दुपारच्या सुटीत आलेले क्रमांक पाहून परत दूरध्वनी करण्याचे काम एका माणसाकडे सोपवावे.

आता काम सुरू करू. ज्यांनी आपल्या यंत्रांची यादी आणि मापे कागदावर लिहून आणली आहेत, त्यांनी डावीकडच्या टेबलाशी यावे. तेथे मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक बसले आहेत. ते दोन्ही भाषांतील मजकूर नीट करून देतील. ज्यांनी यादी आणलेली नाही, त्यांनी कारखान्यात दूरध्वनी करून लेथवर किती व्यासाचा नग बसतो तेवढे विचारून घ्यावे आणि मग यावे.