'तो' आणि 'ते' यांच्यामधली रेषा



मराठीत फुटबॉलची गोष्ट सांगायला बसलं की एक गंमत होते. खेळाडूला आपण बिनदिक्कत अरे-तुरे करतो. तो धावला, त्यानं गोल मारला, त्याला लाल कार्ड मिळालं. सुनील छेत्री चाळिशीला टेकला तरी आपल्या तोंडी 'तो'च राहिला. पण खेळाडूनं बूट काढून ठेवले आणि तो प्रशिक्षक झाला की आपली जीभ आपोआप अदबीनं वागू लागते. ते म्हणाले, त्यांनी संघ निवडला. एकाच माणसाच्या आयुष्यात 'तो'चा 'ते' नेमका कधी होतो? आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या इगोर स्टिमॅच यांच्या बाबतीत हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं हे क्रोएशियन गृहस्थ भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

आधी 'तो' पाहू. जन्म १९६७चा, मेटकोविच या गावातला. नेरेत्वा नदी समुद्राला मिळायला निघते तिथलं हे दक्षिण डाल्मेशियातलं गाव. तेव्हा तो सगळा मुलूख युगोस्लाव्हियात होता. पोरगा हायडुक स्प्लिट या क्लबात घडला. त्याची जागा बचावफळीच्या मधोमध. मुंबई-गोव्याच्या मैदानांवर जुनी माणसं जिला 'स्टॉपर' म्हणतात, ती. स्टॉपरला विचार करायला वेळ नसतो. समोरून चेंडू येतो, पाठोपाठ माणूस येतो, आणि पाय घालायचा की मागे सरायचं हे पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. स्टिमॅच बहुतेक वेळा पाय घालायचा. १९८७मध्ये चिलीत युगोस्लाव्हियाच्या पोरांनी युवा विश्वचषक जिंकला. बोबान, शुकर, प्रोसिनेच्की यांच्या त्या संघात तोही होता.

मग आला ८ मे १९९१. बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाची अंतिम लढत, हायडुक विरुद्ध रेड स्टार. सहाच दिवसांपूर्वी बोरोवो सेलो या गावात १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले होते. देश फुटायच्या बेतात होता आणि मैदानावर २२ जण त्याच देशाच्या चषकासाठी खेळत होते. बोक्शिचच्या एकमेव गोलवर हायडुक जिंकलं. पण सामना लक्षात राहिला तो दोघांमुळे. हायडुकचा स्टिमॅच आणि रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच एकमेकांना भिडले आणि दोघांनाही लाल कार्ड मिळालं. तीन आठवड्यांनी रेड स्टार युरोपचा विजेता झाला. महिना-दीड महिन्यात क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. या दोघांमधलं वैर मात्र पुढची कित्येक वर्षं तसंच राहिलं.

नंतर स्पेनमधलं काडिझ, पुन्हा हायडुक, आणि १९९५मध्ये इंग्लंडचं डर्बी काउंटी. डर्बीतलं पदार्पण मोठं मासलेवाईक. समोर ट्रॅनमियर. यानं स्वतः गोल केला आणि संघ १-५ असा सपाटून हरला. बचाव करायला आणलेल्या माणसाची ही सलामी! पण त्यानंतर डर्बी लीगमध्ये सलग २० सामने हरलं नाही आणि हंगाम संपताना थेट प्रीमियर लीगमध्ये पोचलं.

देशासाठी खेळतानाही तोच चढउतार. १९९६च्या युरो स्पर्धेत उपउपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध स्टिमॅचला पुन्हा लाल कार्ड, आणि क्रोएशिया १-२ असा पराभूत. दोन वर्षांनी विश्वचषकात, त्याच फेरीत, तीच जर्मनी. लियाँच्या मैदानावर स्टिमॅच आणि स्लावेन बिलिच यांची बचावफळी अभेद्य राहिली आणि क्रोएशियानं ३-० असा निकाल लावला. पहिल्याच विश्वचषकात या नवख्या देशानं तिसरा क्रमांक मिळवला. क्रोएशियासाठी स्टिमॅच ५३ सामने खेळला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'ते'. २०१२मध्ये बिलिच यांच्या जागी स्टिमॅच राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. एकाच बचावफळीतल्या दोघांनी पाठोपाठ ही खुर्ची भूषवली. विश्वचषकाच्या पात्रता गटात क्रोएशियासोबत नेमका सर्बिया आला, आणि सर्बियाचे प्रशिक्षक होते मिहायलोविच. २२ मार्च २०१३, झाग्रेबचं मॅक्सिमिर स्टेडियम. पाहुण्या प्रेक्षकांना प्रवेशबंदी. अशा वातावरणात बेलग्रेडमध्ये भिडलेले ते दोघे समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांशी हात मिळवले. सामना क्रोएशियानं २-० असा जिंकला. 'तो'चा 'ते' झाल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पण खुर्ची काही टिकली नाही. शेवटच्या चार पात्रता सामन्यांत एकही विजय नाही. ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडनं ग्लासगोत २-० असं हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी पद गेलं.

इराण, कतार अशी वळणं घेत मे २०१९मध्ये ते भारतात आले. थायलंडमधल्या किंग्ज कपात क्युरासाओविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी नवोदितांना मैदानात उतरवलं. मुंबईचा राहुल भेके आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस यांचं पदार्पण त्यातलंच. लांब चेंडू फटकावण्यापेक्षा मागून छोटे पास देत वर चढायचं, हा त्यांचा आग्रह होता. सप्टेंबरमध्ये दोहात आशियाई विजेत्या कतारला भारतानं ०-० असं रोखलं, तेही छेत्रीविना. गोलरक्षक गुरप्रीतसिंगनं त्या रात्री भिंत उभी केली होती.

जून २०२३. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर दक्षिण आशियाई फुटबॉलची सॅफ स्पर्धा, समोर पाकिस्तान. भारत २-० असा पुढे, मध्यंतर अगदी जवळ. भारतीय डगआउटसमोर पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इनसाठी चेंडू डोक्यावर घेतोय. मागे पंचावन्न वर्षांचे प्रशिक्षक उभे आहेत. आणि एकाएकी त्यानं – बघा, जीभ घसरलीच – त्यानं पुढे होऊन त्या पोराच्या हातातला चेंडू उडवला. धक्काबुक्की, आरडाओरडा, लाल कार्ड. संघ आरामात जिंकत असताना! एका सामन्याची बंदी भोगून परतले, तर कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. उपांत्य आणि अंतिम सामन्यात स्टिमॅच यांना डगआउटबाहेर राहावं लागलं. रेषेजवळ उभे राहिले त्यांचे सहायक, गोव्याचे महेश गवळी. भारताचे हेही जुने स्टॉपर. अंतिम सामना १-१, मग पेनल्टी, आणि गुरप्रीतनं अखेरची किक अडवून चषक राखला. ज्या स्पर्धेच्या काळात भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात पोचला, तिची सांगता मुख्य प्रशिक्षकांविना झाली.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनंही सांगायला हवी. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे खेळाडू पाहुण्यासारखे येतात. वर्षभर ते क्लबाचे. मोठं शिबिर द्या, ही मागणी स्टिमॅच सतत करत राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात एशियाडसाठी क्लबांकडून खेळाडू मिळेनात. कसाबसा गोळा केलेला संघ चीनविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी हांगझूला पोचला आणि १-५ असा हरला. त्यांचा संताप रास्तच होता. पण स्टॉपरला एक टॅकल पुरते, प्रशिक्षकाला वर्षानुवर्षं तेच तेच पटवत बसावं लागतं. त्या चिकाटीची गरज संतापानं भागत नाही.

जानेवारी २०२४च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, अफगाणिस्ताननं हरवलं. आणि ११ जूनला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पुन्हा दोहा, पुन्हा कतार. छांगटेच्या गोलवर भारत पुढे होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलशेजारून रेषेबाहेर गेला. आपले खेळाडू थबकले. कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, दुसऱ्यानं जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. रिप्ले पाहून निर्णय फिरवायची सोय तिथं नव्हती. वर्षापूर्वी रेषेबाहेरच्या माणसानं चेंडूला हात घातला, तेव्हा पंचांच्या नजरेतून सुटलं नाही. आता चेंडूच रेषेबाहेर गेला, तर कुणाच्या लक्षात आलं नाही. भारत १-२ असा हरला, विश्वचषकाची वाट बंद झाली आणि सहा दिवसांनी स्टिमॅच यांना पदावरून दूर करण्यात आलं.

त्यांच्या हाताखाली भारत किती सामने खेळला? ५३. जिंकले १९, बरोबरीत सुटले १४, हरले २०. म्हणजे 'तो' ५३ सामने आणि 'ते'ही ५३. तराजूची पारडी अगदी समान, आणि मी आपला अजून काट्याकडे बघत बसलोय.